पेशीत शिरणारी पेप्टाइडं आणि मोठ्या दिरांचं ल्युटेशियम

नेत्रावळी
मंडळी, भाचा एमएस्सीला आहे, जैवतंत्रज्ञान. सेमिनारला त्यानं विषय घेतलाय 'सेल पेनिट्रेटिंग पेप्टाइड्स', म्हणजे पेशीच्या आवरणातून आत शिरणारे प्रथिनांचे छोटे तुकडे. त्यांना किरणोत्सारी अणू जोडला की एक तर कॅमेऱ्यात गाठ दिसते, नाहीतर ती आतून मारता येते. इथवर मला कळलं.

घोळ पुढे आहे. माझ्या मोठ्या दिरांना न्यूरोएंडोक्राइन गाठ आहे, स्वादुपिंडात. मुंबईला ल्युटेशियमचे डोस चालू आहेत. तिथं डॉक्टरांनी सांगितलं, की पेप्टाइडला किरणोत्सारी औषध जोडलेलं असतं. झालं. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी ठरवून टाकलं की भाच्याचा सेमिनार आणि भावजींचं औषध एकच. भाचा बिचारा 'तसं नाही हो' म्हणतो, पण पुढचं त्याला मोठ्यांसमोर मांडता येत नाही.

तर विचारायचं हे, की दोन्ही एकच का? नसेल तर फरक काय? आणि जे पेशीत घुसतं ते धडधाकट पेशीत का नाही घुसत? मी वाणिज्य शाखेची, तेव्हा जरा बेतानं.

पाटो_पुलाखाली
शीर्षक वाचूनच माझ्या पेशी बंद झाल्या. चहा घेऊन येतो.

गामा_कॅमेरा
नेत्रावळीताई, एक नाही. भाचा बरोबर आहे.

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ होतो, बरीच वर्षं मुंबईत, आता फोंड्याला घरी. तुमच्या भावजींना मिळतंय ते बहुधा ल्युटेशियम-१७७ डोटाटेट. त्यातलं पेप्टाइड सोमॅटोस्टॅटिन या आपल्याच शरीरातल्या हार्मोनची नक्कल आहे. न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर, म्हणजे फक्त त्यालाच धरणाऱ्या जागा, बहुतेक वेळा खच्चून असतात. पेप्टाइड त्यांना चिकटतं, मग रिसेप्टर त्याला घेऊन आत जातो आणि ल्युटेशियम तिथं बसून बीटा कण सोडत राहतं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं विरायला लागणारा वेळ, साडेसहा दिवसांहून किंचित जास्त. म्हणजे हेही पेशीत जातंच, पण रिसेप्टर असेल तरच. भाच्याच्या पेप्टाइडांना रिसेप्टर लागतच नाही.

डोसाआधी गॅलियम-६८ चा पेट स्कॅन झाला असेल बघा. पेप्टाइड तेच, धातू वेगळा. गाठ त्यात उजळली तरच ल्युटेशियम द्यायचं. जे दिसलं त्यालाच मारायचं. आमच्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

रानमोड
या भाच्याच्या विषयावर थोडं वाचलं. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध पेप्टाइड म्हणे एड्सच्या विषाणूतून काढलंय! कॅन्सर बरा करायला एचआयव्ही टोचायचा? धन्य ते शास्त्रज्ञ. आमच्या आजीचा काढा काय वाईट होता?

अर्जिनीन
रानमोडभाऊ, एचआयव्ही कोणी टोचत नाही.

१९८८ मध्ये दोन गटांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असं दिसलं की एचआयव्हीचं टॅट नावाचं प्रथिन बाहेर द्रावात ठेवलं तरी पेशी ते आत घेतात. त्याआधी सगळ्यांचं मत असं, की एवढं मोठं प्रथिन पेशीच्या पडद्यातून जाणार नाही. पुढे लक्षात आलं की आत जायला अख्खं प्रथिन नको, दहा-बारा अमिनो आम्लांचा तुकडा पुरतो. त्यात अर्जिनीन आणि लायसीनचा नुसता भरणा. त्या तुकड्यात विषाणूचा आरएनए नाही, काही नाही. प्रयोगशाळेत एकेक अमिनो आम्ल जोडून तो बनवतात. मी स्वतः राळेच्या मण्यांवर असली पेप्टाइडं वाढवण्यात तारुण्य घालवलं आहे. अर्जिनीन लागोपाठ जोडताना काय हाल होतात ते मलाच ठाऊक. माझं इथलं नाव तिथूनच आलंय.

आणि विषाणूची भीती वाटत असेल तर दुसरं घ्या, पेनेट्रॅटिन. ते फळमाशीच्या अँटेनापीडिया या प्रथिनातून आलं, पॅरिसमध्ये, नव्वदच्या दशकात. हाच जनुक बिघडला की माशीच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय उगवतात. सोळा अमिनो आम्लं. किंवा काही न घेता नुसती आठ-नऊ अर्जिनीनं ओळीनं जोडा, तीही आत जातात. सगळ्यांचा धनभार हाच मुद्दा. पेशीच्या बाहेरच्या बाजूला हेपरान सल्फेटसारखे ऋणभारी धागे असतात, त्यांना ही चिकटतात. पुढे बहुतेक वेळा पेशी पडद्याची खोळ करून त्यांना गिळते, तर कधी ती थेट पडद्यातून जातात.

आता नेत्रावळीताईंचा खरा प्रश्न. धडधाकट पेशीत का नाही घुसत? घुसतात की! चवथीला वाड्यावरची आरतीची मंडळी घुमट-झांज घेऊन निघाली की कोणाचं घर सोडतात का? तसंच. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, वाटेत येईल ते. भावजींचं डोटाटेट असं दारोदार जात नाही.

पाटो_पुलाखाली
आलो चहा घेऊन. म्हणजे नेवऱ्या जास्त मिळतात त्या घरात आरती लांबते, तेच मूत्रपिंड का? :)

अर्जिनीन
विनोदात सांगितलंत, पण हो. मूत्रपिंडात फारच लांबते.

गामा_कॅमेरा
इथं एक मजा आहे, ताई. डोस देताना भावजींना सलाइनमधून चार-एक तास अमिनो आम्लांची बाटली लावत असतील. त्यात असतं लायसीन आणि अर्जिनीन. कारण असं, की डोटाटेट रक्तातून गाळलं जाऊन मूत्रपिंडात येतं आणि तिथल्या नलिकांच्या पेशी ते परत शोषून घेतात. मग मूत्रपिंडाला विनाकारण किरण लागतात. शोषणाच्या त्याच जागा आधी धनभारी अमिनो आम्लांनी भरून टाकल्या की पेप्टाइड लघवीतून निघून जातं.

अर्जिनीननं आत्ता सांगितलं की टॅट म्हणजे सगळं अर्जिनीन आणि लायसीन. म्हणजे ज्या गुणामुळे ते पेशीत शिरतं, त्याच गुणामुळे ते मूत्रपिंडात अडकून बसतं. उपचाराला लागेल एवढी किरणोत्सारी मात्रा असल्या पेप्टाइडला जोडायची म्हटलं तर मलाच घाम फुटेल.

मिरामार_सकाळ
गामादादा, त्या बाटलीनं मळमळतं हे लिहायला विसरलात. माझ्या आईला औषधाचा काही त्रास नाही, पण ती बाटली लागली की तिचा जीव अर्धा. आम्ही मांडवीनं दादरला जायचो. जातानाचं काही नाही, येताना मात्र धास्ती. डब्यात शेजारी तान्हं मूल आलं तर काय करायचं? एकदा तर मी टीसीकडे जागा बदलून मागितली, त्याला कारण सांगितलं तर तोच दोन पावलं मागं सरला.

गामा_कॅमेरा
मिरामारताई, मळमळीवर आता आधीच औषध देतात. आणि केवळ लायसीन-अर्जिनीनच्या बाटलीचा त्रास मिश्र अमिनो आम्लांच्या बाटलीपेक्षा कमी.

प्रवासाचं असं. ल्युटेशियमचे बीटा कण शरीराबाहेर पडत नाहीत. सोबत थोडे गामा निघतात, त्यांच्यावरच आम्ही नंतर स्कॅन काढतो. सोडण्याआधी अंतरावरून मोजणी होते आणि एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमात बसलं तरच घरी सोडतात. पुढं काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांना मांडीला मांडी लावून बसवायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, पुरुषांनीही बसून लघवी करायची, दोनदा पाणी सोडायचं. विमानानं जाणाऱ्यांनी रुग्णालयाचं पत्र खिशात ठेवावं, किरणोत्सार टिपणारं यंत्र असेल तर ते वाजतं. किती दिवस पाळायचं ते तुमच्या कागदावर लिहून दिलेलं असतं, तेच धरा.

संपादक
स्मरणासाठी: अनुभव जरूर लिहा, पण कोणाच्या आजाराबद्दल इथं सल्ला देऊ-घेऊ नका. वरचा प्रतिसाद सर्वसाधारण माहितीचा आहे म्हणून ठेवला आहे.

खाजनशेती
सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

मी निवृत्त शिक्षक, विज्ञान शिकवत असे. मला यात विषाचं कुतूहल. जीव मारायला निघालेल्या पेप्टाइडांचा माणसानं किती उपयोग केलाय बघा. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन सव्वीस अमिनो आम्लांचं, ते पडद्याला भोकंच पाडतं. दक्षिण अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापाच्या विषातलं क्रोटामीन पेशीत शिरतं, म्हणजे भाच्याच्याच यादीतलं. उत्तर आफ्रिका-पश्चिम आशियातल्या एका पिवळ्या विंचवाचं क्लोरोटॉक्सिन छत्तीस अमिनो आम्लांचं. ते मेंदूतल्या ग्लायोमा या गाठीच्या पेशींना धरतं असं दिसल्यावर त्याला आयोडीन-१३१ जोडून माणसांवर सुरुवातीच्या चाचण्याही झाल्या होत्या.

आपल्या कोकणातल्या लाल विंचवानं मात्र फक्त माणसंच मारली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून ते मरण थांबवलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली, फारच उशिरा.

पाटो_पुलाखाली
सर, दोना पावलाच्या खडकांत शंख वेचू की नको मग?

खाजनशेती
शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊ नको एवढंच. त्याच्या एका जातीच्या विषावरून झिकोनोटाइड हे वेदनाशामक बनलंय, मणक्याच्या पोकळीत देतात. हे पेशीत शिरत नाही, बाहेरूनच कॅल्शियमची वाट अडवतं. पण विषयांतर झालं, पुढं चालू द्या.

भौतिकवाला
अर्जिनीन आणि गामा दोघंही पेप्टाइडाचंच बोलत आहेत. किरणांचं कोणी बोलायचं?

पेशीत शिरायची गरज आहे की नाही, हे पेप्टाइडाला जोडलेला अणू ठरवतो. पेशी साधारण दहा-वीस मायक्रोमीटरची. ल्युटेशियम-१७७ चा बीटा कण सरासरी अर्धा-पाऊण मिलिमीटर जातो, जास्तीत जास्त दोनच्या आसपास. यिट्रियम-९० चा तर सेंटिमीटरभर. म्हणजे कण कितीतरी पेशी ओलांडतो. असा अणू पेशीच्या आत आहे, पडद्यावर आहे की शेजारणीवर आहे, यानं फारसं बिघडत नाही. अल्फा कण पन्नास ते शंभर मायक्रोमीटर, चार-पाच पेशी. त्यालाही आत जायची सक्ती नाही.

आता ऑजर इलेक्ट्रॉन. इंडियम-१११, आयोडीन-१२५ यांच्यातून निघतात, ऊर्जा इतकी कमी की बहुतेक जण मायक्रोमीटरच्या आतच थांबतात, काही तर नुसते नॅनोमीटर. तो अणू केंद्रकात, डीएनएच्या अंगाशी असला तर दोन्ही धागे तोडतो. पेशीद्रवात असला तर जवळजवळ फुकट. अशा अणूला केंद्रकापर्यंत नेणारं काहीतरी हवं. टॅटचा तुकडा केंद्रकात जातो. म्हणून भाच्याचा विषय वाया गेलेला नाही, पण तो फक्त या एका कोपऱ्यात अर्थपूर्ण आहे.

गामा_कॅमेरा
भौतिकवाले, याला इतिहासही आहे. ल्युटेशियमच्या आधी, नव्वदच्या दशकात, हेच ऑक्ट्रिओटाइड कुळातलं पेप्टाइड इंडियम-१११ जोडून मोठ्या मात्रेत दिलं गेलं होतं. रिसेप्टर ते आत घेत होता. रुग्णांचा त्रास कमी व्हायचा, पण गाठ लहान झाल्याची उदाहरणं थोडी. मग यिट्रियम आलं, ल्युटेशियम आलं आणि चित्र पालटलं. आतड्याच्या मधल्या भागातल्या गाठींवरच्या मोठ्या चाचणीत, २०१७ ला निकाल आले, वीस महिन्यांनंतर आजार न वाढलेले ६५ टक्के, तुलनेच्या गटात ११. ती चाचणी स्वादुपिंडाच्या गाठींची नव्हती हेही सांगून ठेवतो.

रानमोड
म्हणजे तीस वर्षं संशोधन करून कळलं काय, तर पेशीत शिरूनही उपयोग नाही. आणि यासाठी करदात्यांचे पैसे.

गामा_कॅमेरा
रानमोड, करदात्याच्या पैशाचंच म्हणाल तर परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे आणि ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं. परदेशातल्या डोसाची किंमत एकदा विचारून बघा. त्या पैशाचं इतकं रोख फळ दुसरीकडे क्वचित दिसेल.

अर्जिनीन
रानमोड यांचं वाक्य उलटं आहे. पेशीद्रवात शिरून उपयोग झाला नाही, केंद्रकात शिरायला हवं होतं. म्हणूनच टोरांटोच्या आणि ऑक्सफर्डच्या गटांनी प्रतिपिंडाला टॅटचा तुकडा जोडला.

त्यातलं ऑक्सफर्डचं काम मला फार आवडतं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की तिथल्या हिस्टोन प्रथिनावर (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्यावर) फॉस्फेटची खूण बसते, तिला गॅमा-एच-टू-ए-एक्स म्हणतात. ही खूण केंद्रकाच्या आत. तिला ओळखणारं प्रतिपिंड आहे, पण प्रतिपिंड जिवंत पेशीच्या बाहेरच राहतं. त्याला टॅट आणि इंडियम-१११ दोन्ही जोडलं. उंदराच्या गाठीला क्ष-किरण दिले आणि मग स्कॅन काढला, तर जिथं डीएनए तुटला तिथं इंडियम टिकून राहिलं. २०११ ची गोष्ट.

इथं शिरायचं काम टॅटचं आणि ओळखायचं काम प्रतिपिंडाचं. टॅट सगळ्या पेशींत शिरला तरी जिथं खूण नाही तिथून औषध हळूहळू निघून जातं, खूण असेल तिथंच राहतं. भाच्याच्या सेमिनारचा कणा हा असावा असं माझं मत. नुसतं 'पेशीत शिरतं, म्हणून कॅन्सरवर चालेल' हे वाक्य मी परीक्षक असेन तर पहिल्याच मिनिटाला अडवीन.

पेडण्याची_पोर
मी सध्या पीएचडी करतेय, विषय जवळचा. अर्जिनीनसरांशी सहमत, पण सर, 'सगळीकडे शिरतं' या अडचणीवर उपाय निघालेत की. रॉजर त्सियेन यांच्या गटानं २००४ मध्ये अर्जिनीनच्या माळेला ग्लुटामेटची ऋणभारी माळ जोडून तिचा भार झाकून टाकला. मधला दुवा असा, की गाठीभोवती जास्त असणारी एमएमपी नावाची प्रथिनं कापणारी विकरं तो तोडतात. दुवा तुटला की झाकण गळतं आणि अर्जिनीन मोकळं होऊन तिथल्याच पेशीत शिरतं. त्सियेन म्हणजे २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेलवाले, चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाबद्दल. शस्त्रक्रियेत गाठीची कड दिसावी म्हणून ही पेप्टाइडं पुढे माणसांपर्यंत गेली.

आयआरजीडी नावाचं पेप्टाइड पण आहे, २००९. ते आधी गाठीच्या रक्तवाहिन्यांवरच्या इंटेग्रिन या रिसेप्टरला धरतं, तिथं कापलं जातं, आणि मग न्यूरोपिलिन या दुसऱ्या रिसेप्टरला धरून आत शिरतं. म्हणजे शिरण्याचा गुण आधी लपवलेला.

आणि आनंद मोहन चक्रवर्तींना कोणी विसरू नका. तेल खाणाऱ्या जिवाणूच्या पेटंटवरून १९८० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजलेले तेच. स्यूडोमोनासच्या अझुरिन प्रथिनातला अठ्ठावीस अमिनो आम्लांचा पी-२८ हा तुकडा त्यांच्या कामातून आला. कॅन्सरच्या पेशींत जास्त शिरतो, आणि त्यात टॅटसारखा धनभाराचा मारा नाही. पहिल्या टप्प्याची मानवी चाचणी झालीय.

अर्जिनीन
पोरी, त्सियेनच्या पेप्टाइडांबद्दल २०११ चं डच गटाचं काम वाचलंस का? त्यांनी दोन वेगळे किरणोत्सारी अणू लावले, एक शिरणाऱ्या तुकड्यावर, एक झाकणावर. मग उंदरात दोघांच्या वाटा वेगवेगळ्या मोजल्या. निष्कर्ष असा, की झाकण गाठीत नव्हे तर आधीच, गाठीशी संबंध नसताना, उघडत होतं. तिथून मोकळं पेप्टाइड सगळीकडे जात होतं आणि त्यातलंच थोडं गाठीत.

नुसता चमकणारा रंग लावला असता तर हे दिसलंच नसतं. किरणोत्सारी अणू मोजता येतो, किती टक्के कुठं गेला ते सांगता येतं. माझ्या मते पेशीत शिरणाऱ्या पेप्टाइडांना न्यूक्लिअर मेडिसिननं केलेली ही सगळ्यात मोठी मदत: उपचार नव्हे, हिशेब.

पेडण्याची_पोर
वाचलंय, सर. पण ते उंदरांच्या विशिष्ट गाठींत आणि विशिष्ट दुव्यांवर आहे. दुवा बदलला तर निकाल बदलू शकतो. एका कामानं अख्खी कल्पना निकालात काढू नये. आमच्याकडे थ्रोम्बिन या रक्त गोठवणाऱ्या विकरानं तुटणारे दुवेही करून पाहतात.

अर्जिनीन
कल्पना निकालात काढत नाही. दुवा बदल, पण दोन अणू लावूनच मोज.

मिरामार_सकाळ
मला निम्मं कळत नाहीये, पण अर्जिनीनसरांचा आणि पोरीचा वाद वाचायला मजा येतेय. वाड्यावर असे लोक असते तर चवथ अजून दोन दिवस चालली असती.

नेत्रावळी
अहो, हे सगळं मी भाच्याला वाचायला दिलं. घरच्या ग्रुपवर 'एक नाही' एवढंच टाकलं, त्यावर तीन अंगठे आणि एक हात जोडलेला आला. म्हणजे तिथलं काम झालं.

भाच्यानं इथं खातं उघडलंय. पुढचं तोच विचारील.

सेमिनारवाला
नमस्कार. मावशीनं ढकललंय. सगळ्यांचे खूप आभार. तीन गोष्टी विचारायच्या होत्या.

माझ्या स्लाइडवर एक जुनं चित्र आहे, रंग लावलेलं टॅट थेट केंद्रकात लखलखतंय. ते ठेवू का? दुसरं, टॅटचा उपयोग प्रतिमेसाठी खरंच कुठं झाला असं विचारलं तर काय सांगू? आणि तिसरं, सर हमखास विचारतील: 'तू असतास तर कुठला अणू निवडला असतास?'

अर्जिनीन
चित्र ठेवू नकोस, किंवा ठेवून सांग की हे का फसवं असू शकतं. सुरुवातीच्या बऱ्याच प्रयोगांत पेशी रसायनानं स्थिर करून मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. २००३ मध्ये फ्रान्समधल्या गटानं दाखवलं, की स्थिर करतानाच पडदे सैल होतात आणि बाहेर चिकटलेलं पेप्टाइड आत, केंद्रकात पसरतं. जिवंत पेशीत पाहिलं तर ते बरंचसं पेशीनं गिळताना केलेल्या खोळींत, म्हणजे पुटिकांतच अडकलेलं. त्या पुटिकेतून सुटका हा या क्षेत्राचा अजून न सुटलेला गुंता आहे. तुझ्या सरांना हे ठाऊक असेल आणि ते नेमकं हेच विचारतील.

प्रतिमेसाठी दोन उदाहरणं घे. २००० च्या सुमाराला अमेरिकेत टॅटला टेक्नेशियम-९९एम जोडून उंदरात पाहिलं गेलं. आणि त्याच वर्षी लोहाच्या सूक्ष्म कणांना टॅट जोडून मूळपेशी शरीराबाहेर, काचेच्या बशीत लेबल केल्या, मग उंदरात सोडून एमआरआयवर त्यांचा माग काढला. दुसरं उदाहरण जास्त शहाणपणाचं. बशीत एकाच जातीच्या पेशी असतात, त्या सगळ्यांत शिरायला हवंच असतं. 'सगळ्यांत शिरतं' हा दोष तिथं दोषच राहत नाही.

गामा_कॅमेरा
टेक्नेशियमचं आणखी एक सांग: सहा तासांचं अर्धायुष्य, मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून रोज सकाळी काढून घेता येतं, म्हणून ते लहान गावातही पोचतं. फ्लोरिन-१८ एकशे दहा मिनिटांत निम्मं होतं. मुंबईत बनवून गोव्यात आणायचं म्हटलं तर विमानतळावरची रांगच त्यातलं बरंच खाऊन टाकते. अणू निवडताना पुस्तकातली ऊर्जा जेवढी बघतोस तेवढाच रस्ता बघ.

सेमिनारवाला
हे कुठल्याच पेपरात नव्हतं. लिहून घेतलं. आणि तिसरा प्रश्न?

भौतिकवाला
टर्बियम-१६१ म्हण. अर्धायुष्य सात दिवसांच्या जवळ, रसायन ल्युटेशियमसारखंच, त्यामुळे धातूला पेप्टाइडाशी बांधणारा तोच डोटा हा रेणू त्याला धरून ठेवतो. बीटा कण ल्युटेशियमसारखे, वर ऑजर आणि रूपांतरण असे कमी पल्ल्याचे इलेक्ट्रॉन फुकट. दूरच्या पेशींना बीटा, जवळच्यांना ऑजर. माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आहेत.

अर्जिनीन
आणि त्याला केंद्रकात नेणारं पेप्टाइड जोड, मग खरी मजा.

भौतिकवाला
तिथंच थांबा. स्वित्झर्लंडमधल्या गटानं २०२२ मध्ये उंदरांत टर्बियमला सोमॅटोस्टॅटिनचं अँटॅगॉनिस्ट जोडून पाहिलं. हे असं पेप्टाइड, की रिसेप्टरला धरतं पण आत जवळजवळ जात नाही, पडद्यावरच बसून राहतं. परिणाम आत जाणाऱ्या पेप्टाइडापेक्षा सरस. पडद्यावर बसलेले कमी पल्ल्याचे इलेक्ट्रॉन पडद्यालाच इजा करत असावेत. अँटॅगॉनिस्ट गाठीत जास्त भरतं हे तर २००६ पासूनच ठाऊक आहे, त्याला जास्त जागांवर बसता येतं म्हणून. मी वर म्हटलं होतं की पेशीद्रवात बसलेला ऑजर फुकट. पडद्यावरचा फुकट नाही, असं हे काम म्हणतं. मग केंद्रकापर्यंतची यातायात कशाला?

पेडण्याची_पोर
+१. आमच्या गाइडचंही हेच चाललंय हल्ली.

अर्जिनीन
उपचारापुरतं कदाचित तुमचं खरं ठरेल, माणसांतले आकडे येऊ देत. पण गॅमा-एच-टू-ए-एक्स पडद्यावर बसत नाही. उपचारानंतर डीएनए तुटला की नाही हे जिवंत रुग्णात स्कॅनवर बघायचं असेल तर आतच जावं लागेल, आणि त्यासाठी लागणारी मात्रा उपचाराच्या मानानं इतकी थोडी, की मूत्रपिंडाची चिंताही तेवढीच कमी. सेमिनारवाल्या, तू उपचार मागं ठेव, प्रतिमा पुढं घे. सरांनी अणू विचारला तर इंडियम-१११ म्हण आणि कारण दे.

सेमिनारवाला
सर, टर्बियम पण एका स्लाइडवर ठेवतो. भौतिकवाले काकांचं नाव न घेता.

पाटो_पुलाखाली
सेमिनार कधी आहे रे? चहा असेल तर येतो.